टँकर येईपर्यंत

१२ मार्च, बुधवार

कथा परत आली. तीही पोस्टानं नाही, फाट्यावरच्या हॉटेलवाल्याच्या हाती. कल्याण नगरहून पाथर्डीला चालला होता म्हणे, गाडी थांबवून पाकीट ठेवून गेला. घरापर्यंत यायची त्याची छाती झाली नसावी.

हा कल्याण माझाच विद्यार्थी. आठवी ते दहावी मी त्याला मराठी शिकवलं. आता नगरला दिवाळी अंक काढतो. मला वाटलं होतं, कथा वाचून तो फोन करील आणि म्हणेल, सर, डोळ्यांत पाणी आलं. त्याऐवजी त्यानं माझ्या अठरा पानांवर पेन्सिल चालवली आहे.

कथेचं नाव 'झिजलेलं चंदन'. माझी पत्नी बनुबाई गेल्या वैशाखात गेली, तिच्यावर लिहिली आहे. कथेत तिचं नाव शारदा ठेवलं. पहिल्याच पानावर कल्याणचा शेरा: 'सोशिक, मायाळू, कष्टाळू, सात्त्विक. हे कळलं सर, पण ही दिसते कशी?' चौथ्या पानावर: 'हिला हात आहेत का?' नवव्यावर: 'नायक हिला हाक काय मारतो?' आणि शेवटी: 'पात्र जिवंत होत नाही. शारदा अठरा पानांत मरण्यापलीकडे काही करत नाही. पुन्हा लिहा, सर. मेअखेरपर्यंत थांबतो.'

बत्तीस वर्षं मी व्यक्तिचित्रण शिकवलं. 'माझी आई' हा निबंध माझ्याइतका तालुक्यात कोणी शिकवला नसेल. या पोराला मीच दहापैकी साडेसात दिले होते.

पण ही वही कोणी वाचणार नाही, म्हणून खरं लिहितो. मला तिचा आवाज आठवेनासा झाला आहे. चेहरा भिंतीवर आहे, पण तो फोटोवाल्यापुढे बसलेला चेहरा आहे. कथा लिहिली की ती निदान घरात वावरताना दिसेल, या आशेनं मी लिहायला बसलो होतो. वर्षश्राद्धाला दोन महिने राहिले. तेवढ्यात जमलं नाही तर ती माझ्यापुरती कायमचीच गेली.

१४ मार्च

कल्याणला फोन केला. झापायचंच ठरवलं होतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, एक विचारू? काकू एकट्या असल्या की काय करायच्या?"

"काम."

"आणि काम नसलं की?"

"काम नसताना ती नसायचीच."

"मग हे लिहिता येणार नाही सर. माणूस काम नसताना काय करतो, तिथं तो सापडतो. कोणाला तरी विचारा."

स्वतःच्या बायकोची गावात चौकशी करा, असा सल्ला मला माझ्या विद्यार्थ्यानं दिला. फोन ठेवून चहा केला. साखर कुठल्या डब्यात आहे ते अजून दोन झाकणं उघडल्याशिवाय कळत नाही.

२३ मार्च, रविवार

मोनिका आली होती, पाडव्याच्या आत घर झाडायला. राहुरीला कृषी विद्यापीठात नोकरी, पदरात दोन मुलं, तरी लेक येते. माझ्याशी मोजकंच बोलते, पण येते.

तिनं आईचं कपाट काढलं. खालच्या फळीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक साडी निघाली. अंजिरी रंगाची, बारीक काठाची. घडी न मोडलेली, दुकानाची चिठ्ठी तशीच.

"ही कोणी आणली, अप्पा?"

"मला काय माहीत? तिला साड्यांचा सोस नव्हता." ('साडीचोळीचा मोह तिला कधी शिवला नाही' असं कथेत वाक्यही आहे.)

तिनं साडी हातात धरून ठेवली बराच वेळ. मी म्हटलं, कोणाला तरी देऊन टाक. तिनं ती पुन्हा गुंडाळून जागेवर ठेवली.

दुपारी मी तिला कथा वाचायला दिली. शेवट वाचताना ती थांबली. शेवटी शारदा नवऱ्याच्या मांडीवर डोकं ठेवून प्राण सोडते, तो तिच्या कपाळावरून हात फिरवतो, असं मी लिहिलं आहे.

"असं झालं होतं?" मोनिकानं विचारलं.

"कथेला शेवट लागतो."

तिनं पानं जुळवली, कोपरे सारखे केले. "अठरा पानांत आई एकदाही खाली बसली नाही, अप्पा. तेवढं मात्र अगदी खरं उतरलंय."

कल्याणपेक्षा माझ्या लेकीला वाङ्मय जास्त कळतं.

३ एप्रिल

हॉटेलचा डबा दोन दिवस बंद, म्हणून स्वतः वरण लावलं. आमच्या बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ नऊ शिट्ट्यांनीही शिजली नाही. दाण्यासारखी टणक.

यावरून आमचा वाद ठरलेला असे. उन्हाळ्यात गावाला टँकर सुरू झाला की ही दोन हंडे घेऊन निघायची. मी म्हणायचो, दारात बोअर असताना रांगेत उभं राहायची हौस कशाला? ती म्हणायची, डाळ शिजत नाही. एवढंच म्हणायची आणि जायची. सकाळी गेलेली बाई उन्हं तापल्यावर परतायची. तिच्या हट्टी स्वभावाचा हा एकच दाखला मला देता येतो, पण कथेत घातला नाही, सात्त्विक पात्राला शोभत नाही म्हणून.

आज तिचाच हंडा घेऊन पारापाशी गेलो. टाकीपासून वडापर्यंत हंड्यांची रांग आणि ज्यांचे हंडे नव्हते त्यांचे जागा धरायला ठेवलेले दगड. रांगेत बायाच बाया. मला पाहून सगळ्या एकदम गप्प झाल्या. वर्गात शिरल्यावर होतं तसं.

टँकरवाला बजरंग पाइप लावता लावता म्हणाला, "मास्तर, तुमच्या पुढं त्यो दगूड दिसतुया का? काकूंचा हाय त्यो. आजून कुनी उचलला न्हाई."

मी त्याला विचारलंच. कल्याणनं सांगितलं होतं म्हणून. म्हटलं, ती इथं काय करायची रे?

"हसायच्या की. तोंडाला पदर लावायच्या, पन खांदं हालायचं. आवाज न्हाई, निसतं खांदं." मग त्याला वाटलं जास्त बोललो. "मी हारन वाजवून दमायचो, एक बाई उठायची न्हाई जाग्यावरनं. काकू सांगत असल्यावर कोन उठतंय."

"काय सांगायची?"

"ते बायांचं, मास्तर. मला काय ठावं." आणि तो टँकरमागे गेला.

एकेचाळीस वर्षांच्या संसारात मी तिचे खांदे हसताना पाहिलेले नाहीत. घरी आल्यावर हे वाक्य लिहिलं आणि खोडलं. मग पुन्हा लिहिलं.

१६ एप्रिल

ऊसतोडीला गेलेली माणसं परत आली. दोन दिवस ट्रॅक्टर येतायत, त्यांवर गोधड्या, पत्र्याच्या पेट्या, शेळ्या, त्यांवर पोरं. अर्ध्या गावाची कुलपं निघाली. आमच्या समोरच्या बायडाबाईही आल्या. साठी ओलांडली तरी जातात, नातवंडं आणि बैल सांभाळायला.

आज रांगेत त्या होत्या, आणि पंकजा म्हणून एक नवी सून. चार वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली, तेव्हापासून सहा महिने तोडीला आणि सहा महिने गावात. पंकजा मला बघून लाजली, मग धीर करून म्हणाली, "मास्तर, काकूंचा हंडा तुमीच डोईवर द्यायचा ना? वेशीपतुर यायचा म्हनं सामोरं. आमच्या घरात मी रोज सांगती, मास्तरांचं बगा जरा."

"गप गं," बायडाबाई म्हणाल्या.

"खोटं सांगती का मी? आन् पेरू कापून मीठ लावून ठिवायचं. काकू पानी घिऊन आल्या की बशीत घालून द्यायचं, आदी बी काढून. त्यांच्या दातात आडकायचं म्हनून."

बाकीच्या बाया आपापल्या हंड्यांत बघत होत्या. टँकर अजून यायचा होता, हंडे रिकामेच होते.

मला काही आठवेना. पण पेरूचं झाड आमच्या परसात आहे, आणि तिच्या दातांत बी अडकायचं हे खरं आहे. माणूस स्वतःचे चांगले गुण विसरतो, एरवी असं व्हायचं कारण काय?

१७ एप्रिल

कथा पुन्हा लिहायला घेतली. पेरूचा प्रसंग घातला. आश्चर्य असं, की बशी लिहिली, मीठ लिहिलं, काढलेल्या बिया लिहिल्या, आणि शारदा आपोआप पायरीवर बसली. पहिल्यांदा बसली. पदरानं मान पुसली आणि फोड उचलली. तिचा हात मला दिसला, अंगठ्याच्या बाजूला विळीची जुनी खूण असलेला.

ती खूण खरी होती का? खरी होती. मीच विसरलो होतो.

आजच्या लेखनाला दहापैकी आठ. नायकही चांगला उतरतो आहे.

२२ एप्रिल

आता रोज जातो. बाया सरावल्या, मला रांगेत जागा धरून ठेवतात. पंकजा बोलते, मी घरी येऊन लिहून काढतो. आज तिनं सांगितलं, काकूंचा हात मोडला होता तेव्हा मास्तर त्यांचे केस विंचरायचे. अंगणात खाटेवर बसवून. आधी खोबरेल कोमट करायचे, वाटीत बोट बुडवून बघायचे, चटका बसू नये म्हणून. वेणी घालता यायची नाही, तर नुसताच पेड पाडायचे आणि म्हणायचे, "बनू, हे काय माझ्या बापाला जमणार न्हाई, आज आशीच ऱ्हा, झिपरी."

"बनू?" मी विचारलं.

"तुमी बनूच म्हनायचा ना त्यांना?"

मी हो म्हटलं. लिहायला लाज वाटते, पण मी हो म्हटलं. वास्तविक मी तिला नावानं कधी हाक मारली नाही. आमच्या पिढीत तशी पद्धत नव्हती. 'अगं' म्हटलं की ती यायची. कल्याणचा नवव्या पानावरचा शेरा आठवला.

हात मोडला होता हे मला आठवतं. प्लॅस्टर आठवतं. केसांचं आठवत नाही.

२३ एप्रिल

मोनिकाला फोन करून विचारलं. हात मोडला तेव्हा आईचे केस कोण विंचरायचं गं? तू हॉस्टेलला होतीस.

तिनं मुलांना बाहेर खेळायला पाठवल्याचं ऐकू आलं.

"आईनं केस कापले होते तेव्हा, अप्पा. स्वतःच. एका हातानं, शिवणाच्या कात्रीनं. विंचरता येत नव्हते म्हणून. मी सुटीत आले आणि ओळखलंच नाही तिला." मग म्हणाली, "तुम्ही रागावला होता. लोक काय म्हणतील, असं म्हणाला होता."

हे मात्र मला लगेच आठवलं. शब्दासकट आठवलं. कापलेले केस तिनं पिशवीत भरून ठेवले होते आणि मी ती पिशवी उकिरड्यावर टाकायला लावली होती.

पंकजा पोरसवदा आहे, चार घरचं ऐकते आणि एकीचं दुसरीला चिकटवते. दुसरं काय असणार?

२९ एप्रिल

आज रांगेत गेलो नाही. बायडाबाई अंगणात कुरडया वाळत घालत होत्या, तिथंच गेलो आणि उभ्या उभ्या विचारलं, "पंकजाला हे सगळं कोणी सांगितलं?"

त्यांनी एक कुरडई नीट गोल केली. "तिनंच की. तुमच्या घरच्यांनी. टँकर यीस्तवर रोज सांगायची. आमी तोडीवरनं आलो की पैल्या दिशी तिच्याकडं. सा म्हैने आमी त्येचीच वाट बगायचो."

"माझ्याबद्दल?"

"मास्तराबद्दल."

मी म्हटलं, कशी सांगायची? का विचारलं ते मला ठाऊक नाही. बत्तीस वर्षांची खोड असेल. बायडाबाईंनी हात धुतले, पदराला पुसले आणि सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो.

"ती घाई करायची न्हाई. आमी कोनी सांगाया लागलो का म्हनतो, मास्तर आला आन् आसं बोलला. ती मास्तराला आनायचीच न्हाई लवकर. आदी चपला सांगायची. डाव्या चपलीचा आंगठा तुटका, म्हनून एक पाय फरफटतुया. मग कडी. कडी दोनदा वाजवायचा म्हनं, एकदा वाजवून थांबायचा, खाकरायचा, मग दुसऱ्यांदा. मग सदऱ्याला खडूचा वास. तवर आमाला समदं दिसाया लागायचं, दार, उंबरा, समदं. मग म्हनायची, 'आन् मास्तरांनी इचारलं, जेवलीस का गं बनू?' तर आमच्या डोळ्यांत पानी. येवढ्याच शब्दाला. आमची ती लक्षीमी तर तोंड फिरवून बसायची."

मी घरी आलो. दारात थांबलो आणि कडी वाजवली. एकदा वाजवून थांबलो. मग खाकरलो. तसाच वाजवतो मी. कोणी मला सांगितलं नव्हतं की मी अशी कडी वाजवतो.

चपला माझ्या. खाकरणं माझं. खडूचा वास माझा. माणूस दुसरा.

माझ्याकडे सोशिक, मायाळू, कष्टाळू आणि सात्त्विक होते. तिच्याकडे तुटका अंगठा होता. शाळा तिची तिसरीपर्यंत झाली होती.

६ मे

आठ दिवस लिहिलं नाही. डबा येतो, अर्धा परत जातो.

नवी कथा फाडली. पेरू, खोबरेल, सगळं. तो मी नव्हतो आणि ते लिखाणही माझं नव्हतं. शारदा पायरीवर बसली ती माझ्यामुळे नाही.

आता ज्या दिवशी ती गेली तो दिवस लिहितो. तो मी कुठेच लिहिलेला नाही.

ती टँकरवरून आली. हंडे ठेवल्याचा आवाज मी ऐकला. मी आतल्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होतो. मी म्हटलं, अगं, चहा. थोड्या वेळानं पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा मोठ्यानं म्हटलं आणि वर म्हणालो की कानात बोळे घातलेत का. मग मी पान उलटलं. अग्रलेख वाचून संपवला आणि मग उठलो. ती चुलीच्या बाजूला भिंतीला टेकून बसली होती. बसली होती ती. मोनिका, तुझं चुकलं, तुझी आई एकदा बसली.

मांडी वगैरे काही नाही. मी तिच्या कपाळावरून हात फिरवला नाही. मी भीतीनं समोरच्या दाराकडे पळालो, आणि बायडाबाईंनी येऊन तिला खाली निजवलं.

तीन हाका मारल्या. तिन्ही वेळा 'अगं'.

१७ मे, वैशाख वद्य पंचमी

वर्षश्राद्ध झालं. सकाळी भटजी, दुपारी पंगत. भाऊबंद, शाळेतले जुने लोक येऊन गेले. दोघांनी विचारलं, सर, काही लिहिलं की नाही वहिनींवर? मी मान हलवली.

उन्हं कलल्यावर रांगेतल्या बाया आल्या. सात-आठजणी. सोप्यात भिंतीला टेकून बसल्या. मोनिकानं चहा दिला. मी आत जायला लागलो तर बायडाबाई म्हणाल्या, "मास्तर, बसा जरा. तुमच्याकडंच काम हाय."

मी बसलो.

पंकजाला कोपरानं ढोसलं गेलं आणि ती बोलायला लागली. "शेवटच्या दिशी काकूंनी भंडारदऱ्याची गोष्ट काढली हुती. मास्तर म्हनले, बनू, जलम पान्याच्या रांगेत गेला तुजा, चल तुला पानी दावतो. मग तुमी दोगं यष्टीनं गेला. संगमनेरला गाडी बदलली, अकोल्याच्या फुडं डोंगर लागला, काकूंचं कान बंद झालं तर तुमी म्हनला, आवंढा गीळ, उघडत्यात. भाताची खाचरं बगितली. मग धरनाच्या भिताडावर गेला. वारं लई. समुर निस्तं पानी, नजर ठरत न्हाई आसं पानी. काकू तितं हुब्या ऱ्हायल्या. आन् मास्तर त्यांच्याकडं बगून म्हनले..."

ती थांबली.

"आन् टँकर आला," बायडाबाई म्हणाल्या. "बजरंग्यानं हारन वाजवला. ती म्हनली, उरल्यालं उद्या. हंडं उचललं आन् गेली."

मोनिका दाराला धरून उभी होती.

"तोडीवर सा म्हैने आमी त्येच बोलतुया," पंकजा म्हणाली. "मास्तर काय म्हनले आसतील? कोन म्हनतं, दमलीस का म्हनले. कोन म्हनतं, हितंच ऱ्हाऊ म्हनले. बायडामावशी म्हनती, तसलं न्हाई, कायतरी गमतीचं बोलला आसंल. तुमी सांगा मास्तर. तुमी हुता ना."

आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या चुका लाल शाईनं दाखवल्या, माझी एक सांगायला एवढा वेळ लागला. "मी तिला भंडारदऱ्याला कधीच नेलं नाही," मी म्हणालो. "पेरू कापून दिला नाही. केस विंचरले नाहीत. हंडा उचलला नाही. यातलं काहीच झालेलं नाही."

पंकजा माझ्याकडे बघत राहिली, मग बायडाबाईंकडे. "म्हंजी समदं खोटं हुतं व्हय?"

"खोटं न्हवं," बायडाबाई म्हणाल्या. "सांगितल्यालं हुतं."

मी त्यांना विचारलं, "तुम्हांला माहीत होतं?"

"चाळीस वर्सं तुमचं दार आमच्या दारासमुर हाय, मास्तर. तीन हाका आमाला बी ऐकू आल्या हुत्या."

मी खाली बघितलं. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"मग ऐकत का बसायच्या तुम्ही?"

"आमच्या घरात तरी तसा कोन हुता?" बायडाबाई म्हणाल्या. "तिचा मास्तर आमच्या समद्यांचाच हुता. उसाच्या फडात बोट कापलं का ही पोरगी म्हनती, मास्तर आसता तर फुकर घातली आसती. ती गेली तवा आमी दोन मानसांचं सुतक धरलं. तुमाला येकाचंच ठावं."

मोनिका रडायला लागली. आईच्या मरणात रडली नव्हती इतकं. मी उठून तिच्यापाशी जायला हवं होतं. तिच्या आईचा तो मास्तर उठून गेला असता. मला कसं जायचं ते समजेना, मी तिथंच बसून राहिलो आणि जे सुचलं ते बोललो.

"भिंतीवर उभी होती तेव्हा तिनं काय नेसलं होतं?"

हा माझा प्रश्न नव्हता, कल्याणचा होता. ही दिसते कशी?

चार-पाचजणी एकदमच म्हणाल्या, "अंजिरी." पंकजा म्हणाली, "बारीक काठाची. मास्तरांनी तिच्यासाटी नगरहून आनल्याली. पैल्यांदाच घडी मोडली हुती."

मोनिका आत गेली. वर्तमानपत्राची सळसळ ऐकू आली. तिनं ती साडी आणून खाटेवर ठेवली आणि चिठ्ठी काढली. मग एक एक करून घड्या उलगडल्या. बाया उठून खाटेभोवती आल्या. कोणी हात लावला नाही. पंकजानं फक्त काठापाशी बोट नेलं आणि मागे घेतलं.

तेव्हा मला ती दिसली. भिंतीवरचा फोटो नाही, शारदाही नाही. अंजिरी साडीत उभी, वाऱ्यानं पदर सुटतोय, एका हातानं धरलाय, अंगठ्याला विळीची खूण. समोर पाणी. तिचे खांदे हलत होते. ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या बाजूला जो उभा होता त्याच्याकडे बघत होती.

"सांगा की मास्तर," पंकजा हळूच म्हणाली. तिनं आता सगळं ऐकलं होतं, तरी म्हणाली. "काय म्हनले?"

सगळ्या थांबल्या होत्या. मी तोंड उघडलं. एवढे शब्द शिकवले मी, एवढे समानार्थी, एवढे वाक्प्रचार. त्या माणसाला शोभेल असं एक वाक्य मला हवं होतं.

"बनू," मी म्हणालो.

आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्या तोंडून निघालं. घरात कुठूनही ओ आली नाही.

"पुढं?" पंकजानं विचारलं.

"पुढं मला येत नाही."

मग बायडाबाईंनी गुडघ्यावर हात टेकला, उठल्या आणि जाता जाता माझ्या खांद्याला हात लावला.

"ऱ्हाऊ द्या, मास्तर," त्या म्हणाल्या. "टँकर आला आसं समजा."